कुरडईचा पाऊस

कुरडई आणि पाऊस यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

हे वाक्य मी सरपंचांना सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, साताऱ्याच्या मोठ्या साहेबांना त्यांच्या केबिनमध्ये उभ्यानं सांगितलं, एका मेंढपाळाला त्याच्या मेंढरांदेखत सांगितलं, आणि एकदा तर संतापाच्या भरात रिकाम्या टँकरला सांगितलं. त्या सगळ्यांत टँकरच तेवढा समजूतदार निघाला. त्यानं उलट उत्तर दिलं नाही.

पिंपळखडी हे गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत आहे. नावात पिंपळ आहे, गावात नाही. खडी मात्र भरपूर. बाहत्तर सालच्या जूनमध्ये माझी तिथं बदली झाली आणि त्याच साली पावसानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं आणि मी त्यांची हजेरी मांडत होतो. लोक मला 'भाऊसायेब' म्हणायचे. एवढा मान मला आमच्या घरातसुद्धा नव्हता. तो कसा गेला, तेच सांगतोय.

आमचं घर सांगलीचं. मागच्या दारी कृष्णा. गावात चौथीच्या पुढं शाळा नाही म्हणून आमची बेबी तिकडं आजीपाशी ठेवलेली. महिन्या-दोन महिन्यांनी मी जायचो, तर दारातच विचारायची, "आप्पा, कुरडया आणल्या?" एस. टी.त उभा राहून, अंगावर दोन कोंबड्या आणि एक पत्र्याची ट्रंक झेलत बाप आलाय, हे तिला दिसायचंच नाही. कुरडई दिसायची. नसलेली कुरडई.

म्हणून त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये आमच्या हिनं कुरडया घालायचं काढलं. इथूनच सगळं बिघडलं.

कुरडई म्हणजे काय हे ज्यानं नुसतं तळून खाल्लंय त्याला कळायचं नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, गाळायचा, चीक धरायचा, तो शिजवताना हात दुखेपर्यंत हलवायचा, आणि गरम गरम सोऱ्यात भरून माळवदावर धोतर पसरून त्याच्यावर घालायच्या. गावात त्या साली कुणीच घातल्या नव्हत्या. प्यायला पाणी नाही तिथं गहू कोण भिजवतो? हिनं अंघोळीचं पाणी वाचवून भिजवला. अंघोळ कुणाची वाचवली, ते विचारू नका.

सकाळी कुरडया घातल्या. आभाळ पाटीसारखं कोरं. दुपारी तीनला ढग आला, गडगडला, आणि आमच्या डोळ्यांदेखत वळीव कोसळला. ही माळवदावर, मी शिडीवर, आणि आमच्या मध्ये धोतरभर लापशी. खाली मात्र गाव नाचत होतं. म्हातारी माणसं तोंडं वर करून उभी. शेजारची आक्काताई हिला मदत करायला म्हणून वर आली आणि कुरडया सोडून स्वतःच भिजत बसली.

"वैनी, बरं झालं बगा!" म्हणाली.

"काय बरं झालं?" मी ओरडलो. "माझ्या अंघोळी गेल्या ह्यात!"

आमची ही हार मानणारी नाही. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा गहू भिजवला, पुन्हा घातल्या. आणि पुन्हा पाऊस आला. आता दोनदा एखादी गोष्ट झाली की शहाणा माणूस गप्प बसतो आणि तिसऱ्या वेळेची वाट बघतो. पण आक्काताई टँकरच्या रांगेत उभी होती, आणि रांगेत गप्प बसायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"वैनी माळवदावर चडली की आबाळ येतंय," तिनं सांगितलं. टँकर रिकामा व्हायच्या आत ही बातमी गावभर झाली.

संध्याकाळी सरपंच लालासाहेब दारात. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. मिशा अजून ड्यूटीवर.

"भाऊसायेब, वैनींना म्हनावं, परवाच्याला पुन्यांदा घाला. गव्हाचं आमी बगतो."

"लालासाहेब," मी समजावणीच्या सुरात सुरुवात केली. सगळी चूक ह्या सुरातच होती. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. म्हणून कावळ्यानं फांदी मोडली असं होतं का?"

लालासाहेबांनी नीट विचार केला. "मग फांदी कुनी मोडली?"

"ती मोडायचीच होती."

"पन कावळा बसला तवाच का मोडली?"

"अहो, योगायोग!"

"मंजी कोन?"

मी दुसरीकडून गेलो. "हे बघा. कुरडया उन्हाळ्यात घालतात. का? तर ऊन असतं. वळीवही उन्हाळ्यातच येतो. का? तर त्याच उन्हानं हवा तापते. दोन्हींचं कारण ऊन. कुरडई पावसाला आणत नाही आणि पाऊस कुरडईला आणत नाही."

"ऊन गेल्या सालच्या उनाळ्यातबी हुतं की," लालासाहेब शांतपणे म्हणाले. "लय हुतं. पाऊस का न्हाई आला? तवा वैनी कुटं हुत्या?"

"सांगलीला!"

"हां!" ते म्हणाले, आणि मिशीवर हात फिरवला. माझ्याच तोंडून मी पुरावा दिला होता.

तिथून पुढं माझ्या घराचा कारखाना झाला. टँकर पहिल्यांदा आमच्या दारात थांबायचा. ज्या घरी म्हणून मूठभर गहू होता, तिथून तो यायला लागला. कुणी सुपातून, कुणी पदरातून. बायका वाटायला हजर. ही मधोमध बसून हुकूम सोडायची. खोटं कशाला बोला, हिचा चेहरा खुलला होता. लग्न होऊन तेरा वर्षं झाली, पण 'एवढं पाणी एकदम कसं घातलंस?' ह्याच्यापलीकडं तिच्या चिकाबद्दल मी कधी बोललो नव्हतो. इथं गाव तिच्या चिकाकडं आभाळासारखं बघत होतं.

माझं काय झालं म्हणाल, तर एका नव्या पोस्टमननं पत्ता विचारला तेव्हा पारावरचा एकजण म्हणाला, "कुंभोजकर? आसा कुनी न्हाई बा हितं." दुसरा म्हणाला, "आरं, कुरडयांच्या वैनींचं मालक न्हवं का!" सरकारी नोकर आहे मी! कायम! आणि माझी ओळख काय, तर कुरडयांच्या वैनींचं मालक!

तिसऱ्या वेळी कुरडया घातल्या त्या दिवशी पाऊस आला नाही. मी खूश. दोन दिवसांनी चार थेंब पडले. मी म्हटलं, बघा, चुकलं की नाही? तर आक्काताई म्हणाली, "त्या दिशी वैनींनी पालटल्या न्हवत्या. एक बाजू वल्ली हुती. परवा पालटल्या, तवा आला."

चौथ्या वेळी थेंबसुद्धा नाही. मी पारावर जाऊन मोठ्यानं हसलो. तिथं धुळा बसला होता. धुळा म्हणजे मेंढरं राखणारा म्हातारा. आभाळाबद्दल गाव त्याचा शब्द मानायचं, कारण तो सारखा वर बघत असायचा. मान आखडली होती म्हणून बघायचा, पण ते कोण सांगणार?

"पडंल कसा?" धुळा म्हणाला. "तुमी छत्री घिऊन गेलता न्हवं माळवदावर."

"ऊन होतं म्हणून नेली!"

"पावसाला काय म्हाईत तुमी कशापायी नेली? त्यानं वरनं छत्री बगितली. म्हनला, हितं आपली गरज न्हाई. गेला की गड्या फुडं."

त्या दिवसापासून मला गावात छत्री उघडायला बंदी झाली. मे महिन्यात. माणमध्ये. टकलावर.

आणि अशात माझी बदली आली. सांगलीला! मी त्या कागदाचा वास घेतला, खोटं नाही सांगत, त्याला कृष्णेच्या पाण्याचा वास होता. जूनला बेबीची शाळा, आणि जूनला आम्ही तिघं एका घरात. हिनं देवापुढं साखर ठेवली. मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. ही माझी दुसरी चूक. चहाबरोबर बातमी गावात गेली.

दुसऱ्या दिवशी खडीच्या कामावर कुणी नाही. अख्खं गाव ट्रकमध्ये बसून साताऱ्याला गेलेलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचं मला बोलावणं.

मोठे साहेब म्हणजे पुण्याला शिकलेले इंजिनियर. टेबलावर जाड जाड इंग्रजी पुस्तकं. मला धीर आला. निदान इथं तरी कावळा आणि फांदी वेगळे असतील.

"कुंभोजकर," साहेब म्हणाले, "हा सगळा अडाणीपणा आहे."

"हो सर!"

"मी विज्ञान मानतो."

"हो सर!"

"पण रिस्क कशाला घ्यायची?"

मी 'हो सर' म्हणता म्हणता थांबलो.

"उद्या तुम्ही गेलात आणि पाऊस नाही पडला, तर लोक विचारतील, बदली कुणी केली? मी काय सांगू?" आणि त्यांनी माझ्या बदलीच्या कागदावर तांबड्या शाईनं लिहिलं, 'लोकाग्रहास्तव स्थगित.' मग पेनाला टोपण लावलं, दरवाजाकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बरं, आमच्या सासऱ्यांची थोडी जमीन आहे खटावला. वहिनींना दोन दिवस तिकडं जाता येईल का? जीप पाठवतो. सोऱ्या आपला आणा म्हणावं."

मी साताऱ्याच्या स्टँडवर एक कप चहा घेतला आणि तो कप इतक्या जोरात खाली ठेवला की हॉटेलवाला म्हणाला, "पावनं, कप फुटला तर भरून द्यावा लागंल." त्याचंही बरोबर होतं. जगात कारण आणि परिणाम मानणारा तेवढा एकच माणूस मला त्या दिवशी भेटला.

गावात आलो तो पेटूनच. पारावर उभा राहिलो आणि ओरडलो, "या रविवारी सगळ्या गावासमोर कुरडया घालणार! पाऊस पडला तर मी जन्मभर इथंच राहीन. नाही पडला तर माझी बदली सोडायची. आहे कबूल?"

"कबूल," लालासाहेब म्हणाले. "फौजी की जबान."

ही घरी म्हणाली, "अहो, पडला तर?"

"पडत नाही!"

"आणि नाही पडला तर हे मानतील?"

"डोळ्यांनी बघितल्यावर कोण मानणार नाही?"

ती गहू भिजवायला गेली.

रविवारी कोणताही दगाफटका नको म्हणून सोऱ्या मी स्वतः हातात घेतला. छत्री कुलपात. माळवदावर मी, खाली गाव. दाबून दाबून माझ्या तळहाताला फोड आले आणि माझ्या कुरडया गांडुळांच्या सभेसारख्या दिसत होत्या, पण घातल्या. मग दिवसभर आभाळाकडं बघत बसलो. दुपारी मसुराच्या डाळीएवढा एक ढग आला. आजवर कुणी केली नसेल अशी प्रार्थना मी केली. तहानेनं सुकलेल्या गावाच्या मधोमध बसून मी म्हणालो, देवा, पाऊस पाडू नकोस! लाज वाटली. पण बेबी दिसत होती. ढग गेला. संध्याकाळी कुरडया कडकडीत वाळल्या.

मी एक उचलली, सगळ्या गावासमोर मोडली. कट्ट आवाज झाला.

"बोला!" मी म्हटलं.

 लालासाहेब मिशी चावत होते. मग धुळा म्हणाला, "सोऱ्या कुनी फिरवला?"

"मी!"

"मग कसा ईल पाऊस? वैनी हासत घालत्यात. तुमी रागानं घातल्या. रागाच्या कुरडईला पाऊस येतोय व्हय?"

"आरं व्हय की!" आक्काताई ओरडली. "म्या म्हनलंच, कुरडया आशा वाकड्या का!"

"मंजी आसं ठरलं," लालासाहेब उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "पाऊस भाऊसायेबांच्या हातात न्हाई. वैनींच्या हातात हाय. सगळ्यांनी बगितलं. फौजी जबान दिलीया. भाऊसायेब, तुमची बदली सोडली. सायबांचं आमी बगतो. तुमी खुशाल सांगलीला जावा."

मला गहिवरून आलं.

"वैनी हितंच ऱ्हातील," ते म्हणाले.

मी माळवदावरून उडी मारणार होतो. घर एकमजली होतं म्हणून शिडीनं उतरलो. उतरेपर्यंत काय काय बोललो ते मला आठवत नाही. आक्काताईला आठवतं, पण ती सांगत नाही, एवढा तिचा चांगुलपणा. नवऱ्याला बायको मिळावी म्हणून सरकारकडं अर्ज कोणत्या खात्यात करायचा? आणि त्याच्यावरही साहेब लिहिणार, लोकाग्रहास्तव स्थगित!

तेवढ्यात ही दारात आली. पदर खोचलेला. हातात सोऱ्या.

"लालासाहेब भावजी," ती म्हणाली, "पाऊस माझ्या हातात नाही."

"शाब्बास!" मी म्हटलं. "सांग त्यांना!"

"सोऱ्यात आहे."

शाब्बासकीसाठी वर केलेला हात मी खाली घेतला.

"हा माझ्या सासूबाईंचा सोऱ्या. अस्सल पितळेचा. ह्याला हसऱ्या बाईचा हात लागतो, एवढंच. आक्काताई माझ्यापेक्षा जास्त हसते. तिला मी चीक शिकवलाय. सोऱ्या गावाला देऊन जाते, ह्या वाळलेल्या कुरडयाही गावाच्याच. पण उद्या पहाटे मला उरलेल्या चिकाच्या शेवटच्या थोड्या घालू द्या, माझ्या लेकीसाठी."

सगळं गाव आक्काताईकडं वळलं. मग आक्काताई हसून बघायला लागली, जमतंय का. जमलं. लालासाहेबांनी सोऱ्याला सॅल्यूट ठोकला.

मी हिला आत ओढलं. "तू पण? तूसुद्धा? सहा आठवडे मी घसा फोडून सांगतोय की संबंध नाही, आणि तू सरळ सांगतेस सोऱ्यात आहे? काय बरोबर आहे हे तुला माहीत नाही?"

ती पोळपाट ट्रंकेत भरत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, तुम्हाला सांगलीला जायचंय का बरोबर ठरायचंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हलगी वाजवत सोऱ्या चावडीत नेला. त्याला हळदकुंकू. मला हार. हलगीवाला सोऱ्यापुढं वाजवत होता, माझ्याकडं त्याची पाठ होती. तरी मी रागावलो नाही. एस. टी. समोर उभी होती. पहाटेच्या कुरडया अजून दमट होत्या, म्हणून हिनं त्या मोठ्या टोपलीत पसरून, वर जुनं पातळ बांधून, बसच्या टपावर चढवल्या. जाता जाता वाळतील, सांगलीत पोचेपर्यंत बेबीला तळायला तयार.

गाडी सुरू झाली. आणि थेंब पडला.

मी म्हटलं, कुणीतरी गुळणी टाकली असेल. पण दुसरा पडला, तिसरा पडला, आणि मग जो पाऊस आला त्याला मी वळीव म्हणणार नाही, कारण वळवाला काही मर्यादा असते. रस्त्यात ओढा झाला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. गाव पावसात उभं राहून आधी आभाळाकडं बघत होतं, मग चावडीकडं. आक्काताईनं अजून गहू भिजतसुद्धा घातला नव्हता. सोऱ्या कोरडा होता.

मग हळूहळू सगळ्यांच्या माना बसकडं वळल्या. धुळाची आधी वळली, आखडलेली असून.

"आरं तिच्या मायला!" धुळा म्हणाला. "ह्यो मानूस गाडीत बसला आन पाऊस आला!"

"बाहत्तर साली ह्यो आला," कुणीतरी म्हणालं, "त्याच साली पावसानं त्वांड फिरिवलं."

"ह्योच आडवून बसलावता!" आक्काताई म्हणाली. हसत म्हणाली. सवय लागली होती. "बिचाऱ्या वैनी वर चडून पाऊस आनायच्या, आन ह्यो छत्री घिऊन घालवायचा!"

लालासाहेब चिखल तुडवत खिडकीपाशी आले. मला वाटलं, निरोपाला आले. त्यांनी हात आत घातला आणि माझ्या गळ्यातला हार काढून घेतला.

"भाऊसायेब, राग मानू नका," ते म्हणाले. "पन पुन्यांदा हिकडं येऊ नका. आमी साताऱ्याला सायबांना सांगून ठिवतो."

माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. वर्षभर त्या गावाची हजेरी मांडली, टक्कल भाजून घेतलं, बायको गहाण पडायची वेळ आली, आणि वर पाऊस मी अडवला? मी! मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो:

"अरे मूर्खांनो! टपावर बघा, टपावर! कुरडया आहेत टपावर! हिच्या हातच्या आहेत! हसत घातलेल्या! हा पाऊस आमचा आहे, आमच्या कुरडयांनी पाडलाय! माझा काहीएक संबंध नाही!"

"बसा हो खाली," हिनं सदरा ओढला. "भिजताय."

गाडी पाण्यातून निघाली. गाव मागं पडलं. मी ओला सदरा पिळत बसलो होतो. टपावरून खिडकीच्या काचेवर पांढरट चिकाचे ओघळ येत होते. ही त्यांच्याकडं बघत होती. बेबी दारात काय विचारणार, ते दोघांनाही माहीत होतं.

मायणी गेल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला. इकडं तिकडं बघून माझ्या शेजारी टेकला.

"सायेब, मगाशी वरडत हुता ते खरं का वो? टपावर?"

मी त्याच्याकडं बघितलं. आठवड्यापूर्वी मी त्याला कावळा समजावून सांगितला असता. फांदीही सांगितली असती.

"आमचं गाव विट्याच्या म्होरं," तो अजून जवळ सरकला. "थेंब न्हाई बगा. विट्याला गाडी चांगली धा मिन्टं थांबती. टपावर चडून येकदा पालटता का कुरडया?"

हिनं माझ्याकडं बघितलं. मी गळ्याला हात लावला. हाराची एक पाकळी तेवढी चिकटली होती.

"पालटतो," मी दात-ओठ खात म्हणालो. "पण गाडीत कुणाकडं छत्री असेल, तर ती आधी सीटखाली घालायला सांगा."